लाईट जाऊन आल्यापासून कॉम्प्युटर चालूच होत नाही, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की परवा तासगावात वळीव आला, लाईट दोन-तीनदा गेली-आली, आणि तेव्हापासून बटण दाबलं तर पंखा नाही, दिवा नाही, आवाजही नाही. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच मदरबोर्डाचे साडेपाच हजार सांगितले. ते पैसे अजून देऊ नका. आधी एक जांभळी तार तपासायची आहे.

मी सांगलीत सतरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. मशीन पूर्ण मुकं झालं असेल तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणाऱ्या डब्यावर जातो. मदरबोर्ड लोकांना वाटतो तेवढा नाजूक नसतो. 2019 च्या महापुरानंतर गावभागातून चिखलाने भरलेले सीपीयू माझ्याकडे आले होते. त्यातले काही बोर्ड स्वच्छ पाण्याने धुऊन, आठवडाभर वाळवून पुन्हा चालले. एसएमपीएस मात्र मी सगळे बदलले. आणि मशीनमधल्या तुमच्या बेदाण्याच्या हिशेबाची काळजी करू नका, तो हार्ड डिस्कमध्ये आहे. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की बहुधा जसाच्या तसा मिळतो.

साध्या गोष्टी पटकन उरका. त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा, केबल मॉनिटरची लावून बघा, एसएमपीएसच्या मागचं काळं बटण चालू आहे का बघा. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांचे बल्ब किंवा चार्जर उडाले का, तेही विचारा. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार तुटली की घरातल्या 230 चे 400 व्होल्टपर्यंत जाऊ शकतात, आणि तो पहिला फटका एसएमपीएस अंगावर घेतो.

मग केबल काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, दहा मिनिटं थांबून परत लावा. झटका बसल्यावर काही एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतात आणि असं केल्यावर सुटतात.

तरीही मुकं असेल तर कॅबिनेट उघडा. साधा मल्टिमीटर गावातल्या कुठल्याही वायरमनकडे मिळेल. मदरबोर्डाला लागलेला 24 पिनांचा रुंद कनेक्टर शोधा. तुमच्यासारख्या सात वर्षं जुन्या, साध्या एसएमपीएसमध्ये तारांना रंग असतात. मीटरची काळी पिन काळ्या तारेच्या भोकात, लाल पिन जांभळ्या तारेच्या भोकात, मीटर डीसी 20 व्होल्टवर. केबल भिंतीत लावली की मशीन बंद असतानाही तिथे 5 व्होल्ट यायलाच हवेत. 4.75 ते 5.25 च्या मध्ये असेल तर ठीक. बटण दाबल्याचं मदरबोर्डाला कळतं ते याच पाच व्होल्टच्या जोरावर. तिथे शून्य किंवा तीन दिसले तर केबल काढून कनेक्टर मदरबोर्डातून उपसा आणि पुन्हा मोजा. आताही नसेल तर एसएमपीएस गेला. कनेक्टर सुटा असताना पाच आणि लावल्यावर कोसळत असेल, तर दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं.

जांभळी तार बरोबर असेल तर कनेक्टर सुटा ठेवून हिरवी आणि शेजारची काळी तार यू आकाराच्या तुकड्याने जोडा. हे करताना केबल काढलेली हवी. एसएमपीएसला जुना पंखा किंवा डीव्हीडी ड्राइव्ह लावून ठेवा, कारण काही एसएमपीएस भाराशिवाय सुरूच होत नाहीत. आता केबल लावा. नुसता पंखा फिरला म्हणून समाधान मानू नका. पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 आणि लाल तारेवर पाचच्या आसपास हवेत. हे सगळं बाहेरून करायचं. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, आणि केबल काढल्यावरही काही वेळ राहतात.

एसएमपीएस चांगला निघाला तर कनेक्टर परत लावा आणि समोरच्या बटणाकडे वळा. पलूसच्या एका शिक्षकांना मी सुरुवातीच्या काळात नवा मदरबोर्ड विकला होता. दोष बोर्डात नव्हता, पावसाळ्यात गंजलेल्या बटणात होता. त्यांचे पैसे मी परत केले, पण त्यांचा पंधरवडा वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी रिसेट बटणाची वायर मदरबोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांवर लावून बघतो. मशीन चालू झालं तर खर्च शून्य, तेच बटण पुढे वापरा.

बटण दाबल्यावर पंखा क्षणभर हलून थांबत असेल तर प्रकरण वेगळं, कुठेतरी शॉर्ट आहे. प्रत्येक वेळी आधी केबल काढून ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, यूएसबी एकेक करून सोडवत चला. प्रोसेसरजवळची चार पिनांची पिवळी-काळी जोडणी काढल्यावर पंखा फिरत राहिला, तर मात्र बोर्ड तपासायला द्या.

नवा एसएमपीएस घ्यावा लागला तर वजनाने हलका, बिननावाचा घेऊ नका. आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते मिळतच नाहीये. जांभळ्या तारेवर किती व्होल्ट आले तेवढं कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.