पत्रे उडाले, मोरी वाहून गेली: दुरुस्तीचा पैसा कुठे आणि कसा मागायचा?

मार्च ते मे या महिन्यांत वळीव, गारपीट आणि सोसाट्याचा वारा. जूननंतर इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात धुवाधार पाऊस आणि खाली गोदाकाठी चांदोरी-सायखेड्याला पुराची धास्ती. नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींना आणि नगरपरिषदांना वर्षातले निम्मे महिने नुकसानीचा विचार करावा लागतो. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न सार्वजनिक मालमत्तेच्या दुरुस्तीचे आहेत. उत्तरे बांधकाम आणि शासकीय लेखा या दोन्ही बाजू जाणणाऱ्यांनी दिली आहेत.

प्रश्न: मे महिन्यातल्या वादळात जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे, नळयोजनेच्या पंपघराचे छप्पर आणि ग्रामपंचायतीची निम्मी शेड उडाली. तालुक्याला अर्ज दिला तर ‘निधी आला की बघू’ असे उत्तर मिळाले. शाळा जूनच्या मध्यावर उघडेल. नेमके कुठे आणि काय मागायचे?
— सरपंच, निफाड तालुका

उत्तर: तिन्ही नुकसानी एकाच अर्जात मागितल्या असतील तर तो अर्ज कुठल्याच टेबलावरून पुढे सरकणार नाही. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची आहे. तिचा प्रस्ताव मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जातो आणि अंदाजपत्रक बांधकाम उपविभागाचा शाखा अभियंता करतो. पंपघराचे अंदाजपत्रक ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाकडून घ्या. शेड मात्र तुमची, आणि ती नमुना 22 च्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत चढवलेली असली पाहिजे. अनेक गावांत ही नोंदच नसते आणि पहिली त्रुटी तिथेच निघते. नोंद राहून गेली असेल तर बांधकामाचा जुना कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत शोधा, मासिक सभेच्या ठरावाने आजच्या तारखेला नोंद घ्या. मागची तारीख टाकून नोंद घालू नका.

पंचनामा ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी आणि संबंधित अभियंता यांनी मिळून करावा. ‘वादळाने नुकसान झाले’ एवढ्या वाक्यावर भागत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, म्हणजे आपत्तीनंतरच्या मदत-दुरुस्तीचा पैसा, कोणत्या आपत्तींना मिळतो याची केंद्राची ठरलेली यादी आहे: चक्रीवादळ, पूर, गारपीट, ढगफुटी, भूस्खलन, भूकंप वगैरे. नुसता सोसाट्याचा वारा असा प्रकार त्या यादीत नाही. महाराष्ट्राने अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना राज्य आपत्ती मानले आहे. म्हणून वाऱ्याबरोबर पाऊस किंवा गारा पडल्या असतील तर तारीख आणि वेळ घालून तसे स्पष्ट लिहा आणि तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची त्या दिवसाची नोंद जोडा. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात. जे घडले नाही ते मात्र लिहू नका. मंडळाचा आकडा कुणालाही पाहता येतो, आणि एका खोट्या वाक्यामुळे अख्ख्या गावाच्या फायलीकडे संशयाने पाहिले जाते.

फोटो दोन प्रकारचे हवेत. एक लांबून, इमारतीचे नाव किंवा फलक दिसेल असा. दुसरा जवळून, मोजपट्टी लावून. दोन्हींवर ठिकाण आणि वेळ उमटलेली असावी. उडालेले पत्रे मोजून एका जागी ठेवा. निर्लेखनाची (नोंदवहीतून कमी करण्याची) परवानगी मिळेपर्यंत भंगारात देऊ नका. दुरुस्ती थांबवणे शक्यच नसेल तर आधी मोजमाप, फोटो आणि दोन पंचांच्या सह्या, मगच पत्र्याला हात लावायचा.

प्रस्ताव तहसीलदार आणि गटविकास अधिकारी दोघांना द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या आणि तिन्ही ठिकाणचा आवक क्रमांक घ्या. जिल्ह्याची मागणी नाशिक रोडच्या विभागीय आयुक्तांमार्फत मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे जाते. एवढा प्रवास जूनच्या आत होत नाही, हे धरूनच चाला. दोन खोल्या लगेच झाकायच्या असतील तर ग्रामनिधीतून खर्चाचा ठराव करा आणि तेवढी रक्कम मागणीतून वजा दाखवा. ‘हे काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही’ हा दाखला प्रस्तावाला लागतो. एकच काम दोन लेखाशीर्षांवर (सरकारी खर्चाच्या खात्यांवर) दिसले तर वसुली निघते, आणि ती सह्या करणाऱ्यांच्या नावावर निघते.

प्रश्न: दर दोन-तीन वर्षांनी त्याच शाळेचे पत्रे उडतात. आता पत्र्यांवर दगड आणि जुने टायर ठेवले आहेत. आणखी काय करावे?
— शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, सिन्नर तालुका

उत्तर: दगड आजच उतरवा. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, आयएस 875 भाग 3 मध्ये, नाशिकसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला साधारण 93 किलो भरतो. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद पत्र्यावर तेवढाच उपसा (वर ओढणारा दाब) आला तर त्याला वर खेचणारे बळ होते 280 किलोच्या आसपास. अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचे स्वतःचे वजन 13-14 किलो. त्यावर 20 किलोचा दगड ठेवून काहीच साधत नाही. पत्रा उचलला की तोच दगड वर्गात पडतो.

पत्रा धरून ठेवतात ते हूक. उडालेल्या छपराखालची पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो तो आडवा वासा) नीट पाहिली तर बहुतेक वेळा हूक तुटलेले नसतात. ते जागेवरच असतात आणि पत्र्याचे भोक फाटून मोठे झालेले असते. याचा अर्थ वॉशर लहान होता, डांबरी वॉशर वाळून गेला होता, किंवा हूक फार लांब लांब मारले होते. 8 मिलिमीटरचे जस्ती जे-हूक, प्रत्येकाला डांबरी वॉशर आणि त्यावर पत्र्याच्या पन्हळीवर बसणारा जस्ती वॉशर घ्या. पर्लिनवर दोन हुकांतले अंतर 350 मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. वळचण, मोभ आणि दोन्ही टोकांच्या भिंतींलगत उपसा सर्वात जास्त असतो. तिथे इमारतीच्या रुंदीच्या साधारण 15 टक्के पट्ट्यात अंतर निम्मे करा. भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडायचे, खळग्यात नाही, नाहीतर गळती सुरू होते. वर-खाली येणाऱ्या पत्र्यांचा जोड किमान 150 मिलिमीटर हवा.

यापेक्षा मोठी चूक भिंतीत असते. कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) भिंतीवर नुसती टेकवून भोवती सिमेंट थापलेले असेल तर हूक पक्के केल्यावर पत्र्यांसकट कैचीच उचलली जाईल. कैचीचे पाय काँक्रीटच्या बेड ब्लॉकमध्ये किंवा भिंतीवरच्या सलग पट्टीत बोल्टने जखडलेले असले पाहिजेत. अंदाजपत्रकात ही बाब शाखा अभियंत्याला आग्रहाने घालायला सांगा. वाऱ्याच्या दिशेची दारे-खिडक्या तुटलेल्या असतील तर वारा आत शिरून पत्र्याला खालून रेटतो आणि वरचा उपसा त्यात मिळतो, म्हणून झडपा आणि कड्या दुरुस्त करणे हेही छपराचेच काम समजा.

प्रश्न: ओढ्यावरची 600 मिलिमीटर पाईपची मोरी भरावासकट वाहून गेली. तिथे 900 मिलिमीटरच्या दोन ओळी टाकण्याचे अंदाजपत्रक पाठवले, ते ‘नवीन काम’ असा शेरा मारून परत आले. पुन्हा 600 चाच पाईप टाकला तर पुन्हा वाहून जाईल. मग करायचे काय?
— ग्रामपंचायत अधिकारी, दिंडोरी तालुका

उत्तर: तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि शेराही नियमाला धरून आहे. प्रतिसाद निधीतून रस्ते, मोऱ्या, पाणीयोजना, शाळा यांची तातडीची दुरुस्ती होते, म्हणजे बंद पडलेली सोय पुन्हा चालू करणे. मोरीची क्षमता वाढवणे हे त्या व्याख्येत बसत नाही, मग ते कितीही शहाणपणाचे असो.

म्हणून एका मोरीच्या दोन फायली करा. पहिलीत वाहून गेलेला भराव, मुरूम, खडी आणि वाहतूक चालू करण्यापुरते काम: तात्पुरता वळणरस्ता किंवा होता तेवढाच पाईप, चालू दरसूचीप्रमाणे. रस्ता कुणाचा, हे आधी पाहा. नमुना 23 मध्ये असेल तर तुमचा; इतर जिल्हा मार्ग असेल तर मागणी जिल्हा परिषद बांधकाम विभागाने करायची, तुम्ही फक्त ठराव आणि पंचनामा द्यायचा. दुसऱ्या फायलीत कायमची मोरी.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी विभागणी केली ती लक्षात घेतली की हे कोडे सुटते. 80 टक्के प्रतिसाद निधी, त्यातले 40 मदतीला, 30 पुनर्बांधणीला, 10 पूर्वतयारीला. उरलेले 20 टक्के सौम्यीकरण निधी, जो आपत्ती येण्याआधी धोका कमी करण्यासाठी वापरायचा. महाराष्ट्रासाठी यात केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25. सौम्यीकरणाचा पैसा गावपातळीवरच्या छोट्या उपायांसाठी आहे. मोठे तटबंध किंवा पूरभिंती नेहमीच्या विकास योजनांतून करायच्या असतात. दैनंदिन देखभालही त्यात बसत नाही, त्यामुळे ‘नालेसफाई’ असे शीर्षक दिलेत तर फाइल तिथेच संपली. कायमच्या मोरीसाठी दुसरा रस्ता जिल्हा नियोजन समितीचा: ग्रामीण रस्त्यांचे 3054 आणि 5054 हे लेखाशीर्ष.

दुसऱ्या फायलीत भावनेपेक्षा हिशोब ठेवा. 600 च्या पाईपचे तोंड 0.28 चौरस मीटर, 900 च्या एका पाईपचे 0.64, दोन ओळी टाकल्या तर साडेचारपट. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावरून काढा, पुराच्या पाण्याची खूण दोन्ही काठांवर मोजा, मोरी बंद पडल्यावर किती वस्ती तुटते आणि वळसा किती किलोमीटरचा पडतो ते लिहा. मागच्या दुरुस्त्यांची देयके जोडा. एकाच जागी तीनदा खर्च झाल्याचे कागद पाहिल्यावर तपासणाऱ्याला वेगळे पटवावे लागत नाही. आणि पाईप मोठा टाकून भागत नाही: वरच्या बाजूला फांद्या अडवणारी लोखंडी जाळी, दोन्ही तोंडांना दगडी किंवा काँक्रीटची भिंत, खाली पाणी आपटते तिथे फरशी हवी. आपल्याकडच्या बहुतेक मोऱ्या तोंड तुंबून पाणी भरावावरून गेल्यामुळे आणि उतरत्या बाजूची माती खणली गेल्यामुळे जातात.

प्रश्न: आणीबाणीत निविदा काढायची गरज नसते, असे म्हणतात. ते खरे आहे का?
— नगरसेवक, येवला

उत्तर: अर्धेच खरे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 50 प्रमाणे बचाव किंवा मदतीसाठी तातडीची खरेदी गरजेची आहे अशी राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाची खात्री पटली, तर ते संबंधित विभागाला तसा अधिकार देऊ शकते आणि तेव्हा निविदेची अट माफ समजली जाते. म्हणजे जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणाचा आदेश हातात हवा. मुख्याधिकाऱ्याने किंवा सरपंचाने फायलीवर ‘आणीबाणी’ लिहून ते होत नाही. शिवाय ही सूट बचाव आणि मदतीपुरती: रस्त्यावरची झाडे कापून हटवणे, टँकर, भाड्याचे जनरेटर, ताडपत्री. सहा महिन्यांनी नवे सभागृह बांधायला ती लागू नाही.

लेखापरीक्षणात सर्वाधिक आक्षेप निघतो तो कामाचे तुकडे पाडल्याचा. एकाच गल्लीच्या गटाराची चार अंदाजपत्रके, चारही निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली आणि ठेकेदार एकच, असे दिसले की कारण कुणी विचारत नाही. जेसीबी भाड्याने घेतलात तर रोजचे लॉगशीट ठेवा: सुरू आणि बंद केल्याची वेळ, जागा, चालकाची आणि कर्मचाऱ्याची सही. ‘जेसीबी 40 तास’ एवढ्या एका ओळीवर देयक निघू नये.

प्रश्न: वित्त आयोगाचा पैसा खात्यात पडून आहे. तो दुरुस्तीला वापरता येईल?
— ग्रामपंचायत सदस्य, चांदवड तालुका

उत्तर: पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 च्या अनुदानाचे दोन भाग आहेत. 60 टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठीच: पंपघर, जलवाहिनी, सांडपाण्याची गटारे यांत बसतात. 40 टक्के अबंधित; त्यातून इतर मूलभूत कामे होतात, पगार आणि आस्थापना खर्च नाही. काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर आधी ग्रामसभेचा ठराव, आराखड्यात दुरुस्ती, मग ई-ग्रामस्वराजवर नोंद आणि शेवटी खर्च. हा क्रम उलटा झाला तर पोर्टलवर देयक निघत नाही.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांकडेही मागा. कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या कामांच्या यादीत, आपत्तीनंतरची मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी येते. त्यांना मोघम पत्र न देता एका खोलीचे तांत्रिक मान्यता मिळालेले अंदाजपत्रक द्या.

प्रश्न: माझ्या घराचे पत्रे गेले, द्राक्षबागही झोपली. ग्रामपंचायतीच्या मागणीत माझे नुकसान येते का?
— शेतकरी, निफाड तालुका

उत्तर: नाही. घराचा आणि पिकाचा पंचनामा वेगळा, तुमच्या नावाने होतो. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांप्रमाणे सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये ठरले होते. किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये. पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावे लागते. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालते. पंचनाम्यावर सही करण्याआधी गट क्रमांक, क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी स्वतः वाचा, आणि आधारला जोडलेले बँक खाते चालू आहे ना ते पाहा.

प्रश्न: नाशिक शहरात आमच्या रस्त्यावर दर वळवाला झाडे पडतात. आधीच काही करता येते का?
— वाचक, गंगापूर रोड

उत्तर: येते, पण ते मार्चच्या आत. झाड पडण्याचे कारण पुष्कळदा बुंध्याशी असते: भोवती पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट खोडापर्यंत भिडवलेले, आणि केबल टाकताना एका बाजूची मुळे तोडलेली. बुंध्याभोवती किमान 1 मीटर माती मोकळी करायची मागणी विभागीय कार्यालयाकडे लेखी करा. गुलमोहराच्या आडव्या, लांब फांद्या आणि पोकळ खोडे आधी दाखवा. छाटणीला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. एका बाजूनेच छाटू देऊ नका, तोल जाऊन पुढच्या वाऱ्यात झाड दुसऱ्या बाजूला कलंडते. तारांना लागणाऱ्या फांद्यांसाठी महावितरणच्या कक्षालाही त्याच अर्जाची प्रत द्या. पुरवठा बंद केल्याशिवाय त्या फांद्यांना कुणी हात लावू नये.