वाचकांचे प्रश्न : बायोडेटा पाठवला, बोलावणे मात्र नाही

प्रश्न : मी बी.कॉम. असून परळच्या एका सीएंच्या कार्यालयात पाच वर्षे काम केले. मुलीच्या जन्मानंतर चार वर्षे घरी होते. आता अंधेरी परिसरात अकाउंट्स असिस्टंटच्या जागांसाठी पंचवीसएक अर्ज केले, पण मुलाखतीला कोणीच बोलावले नाही. बायोडेटा सोबत जोडला आहे. मी घरकामात असते म्हणून त्यावर यजमानांचा मोबाइल क्रमांक दिला आहे. ते दिवसभर वर्कशॉपमध्ये असतात.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ज्या पाच वर्षांच्या बळावर आपल्याला नोकरी मिळायची, ती आपल्या बायोडेटात तिसऱ्या पानाच्या तळाशी आहेत आणि पहिले पान वडिलांचे नाव, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती यांनी भरले आहे. लग्नासाठी आणि नोकरीसाठी आपण बायोडेटा हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे ही गल्लत पुष्कळांची होते. हा सारा तपशील काढून टाकावा, आधार व पॅन क्रमांक तर अजिबात देऊ नयेत, म्हणजे मजकूर एका पानात बसेल.

अनुभवाखाली आपण ‘टॅली, जीएसटी व टीडीएसचे ज्ञान’ एवढेच लिहिले आहे. असे ज्ञान तीन महिन्यांचा क्लास केलेला उमेदवारही लिहितो. पत्रात मात्र आपण सहज सांगून गेला आहात की, बारा क्लायंटची बिले टॅलीत चढवणे, दरमहा ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) आणि २० तारखेपर्यंत ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) भरणे, शिवाय खरेदीच्या नोंदी २बीशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरील यादीशी, ताडून ज्या पुरवठादाराचे बिल तिथे दिसत नाही त्याच्यामागे फोन लावणे, हे सगळे आपल्याकडे होते. हाच मजकूर बायोडेटात, नावानिशी नव्हे पण आकड्यांनिशी, पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात यायला हवा. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकले की काय होते हे ज्या मालकाने सोसले आहे, तो ‘२बी’ हा शब्द पाहून थांबतो.

चार वर्षांचा खंड झाकण्यासाठी आपण नोकरीची सालेच गाळली आहेत, त्यामुळे उलट शंका येते. साले लिहावीत आणि त्यापुढे ‘अपत्यसंगोपनासाठी विराम’ अशी एक ओळ द्यावी. मधल्या काळात नियम बदलले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ व २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या आहेत. एवढी उजळणी करूनच अर्ज करावा.

मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी अनेकदा सॉफ्टवेअर करते, म्हणून रंगीत चौकटी टाळाव्यात आणि जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ म्हटले असेल तर आपणही तोच शब्द योजावा. पत्ता ‘भांडुप पश्चिम’ एवढा पुरे. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी गाठता येते, हे मुंबईतल्या मालकाला वेगळे सांगावे लागत नाही, तरी मुलाखतीत तो प्रवासाचे विचारणारच.

आणि यजमानांचा क्रमांक आजच बदलावा. यंत्रांच्या आवाजात अनोळखी क्रमांकाचा फोन कोण उचलणार? त्यांच्या मोबाइलवरील गेल्या महिन्याभराचे मिस्ड कॉल एकदा पाहून घ्यावेत.