शिकायला फोन, पेपरला लेखनिक: आमचं नेमकं कुठे चुकलं

ताई, तुमचा प्रश्न दुकानात बसून वाचला आणि दोन गिऱ्हाइकं तशीच ताटकळली. मुलगा आठवीत, मराठी माध्यम, तोंडी विचारलं की घडाघडा सांगतो, वहीत मात्र चार ओळींत सहा खाडाखोडी, आणि बाई म्हणतात "लक्षच देत नाही". तुमची दापोली, आमचं मालवणी मुलखातलं खाडीकाठचं गाव, एवढाच फरक. पाच वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच चाललं होतं. त्याचं नाव अध्ययन अक्षमता, डिस्लेक्सिया त्यातलाच, म्हणजे हुशारी असूनही वाचा-लिहायला अडणं.

तुम्ही विचारलंय, पंचवीस हजारांचा टॅब घेऊ का आणि त्यात कुठलं अ‍ॅप घालू. त्याचं उत्तर शेवटी देतो. आम्हाला टॅबने नाही बुडवलं, दुसऱ्याच गोष्टीने बुडवलं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, शिक्षक नाही. माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. बोर्डाचे नियम बदलत असतात, तेव्हा मी म्हणतो म्हणून काही करू नका, शाळेत विचारून घ्या. आणि विचाराल ते लेखी विचारा. का, ते पुढे येईलच.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचं तुम्ही सुरू केलं असेल असं धरून चालतो. एवढंच सांगतो की खाजगी समुपदेशकाचा अहवाल कितीही जाडजूड असला तरी परीक्षेतल्या सवलतीसाठी तो पुरत नाही, शासनाने नेमलेल्या केंद्राचंच प्रमाणपत्र लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या निकषांप्रमाणे वयाच्या आठ वर्षांनंतर तपासणी व्हायची आणि मग चौदाव्या नि अठराव्या वर्षी पुन्हा. तुमचा मुलगा आता तेरा-चौदाचा, म्हणजे आत्ता काढलेला कागद दहावीला चालेल ना, हे प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्रातच विचारून घ्या.

आता फोन. त्यात फारसं काही नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'ऐकण्यासाठी निवडा' (इंग्रजीत Select to Speak) नावाची, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय असते, ती चालू करा, मराठी आवाज डाउनलोड करून ठेवा (आपल्याकडे पावसात रेंज आणि लाईट एकदमच जातात), गती थोडी कमी करा. वाचला जाणारा शब्द उजळतो आणि मुलगा त्यावर नजर ठेवून ऐकतो. घ आणि ध, भ आणि म यांत आमचा हमखास फसायचा. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, हे तर त्याला शेवटपर्यंत अन्यायकारक वाटलं. डिस्लेक्सियासाठी म्हणून जे खास फॉन्ट सगळीकडे फिरत असतात ते रोमन अक्षरांचे, आपल्या काही कामाचे नाहीत. त्यापेक्षा अक्षर सोळा पॉइंटचं करा आणि ओळींत दीडपट अंतर सोडा. आमच्याकडे याचा फरक पडला, तुमच्याकडे पडेलच असं नाही.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे लाजच. शाळेच्या सराव प्रश्नपत्रिकेची पीडीएफ फोनला वाचायला दिली, तर फोन इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्का असलं काहीतरी बरळायला लागला. पोरगा हसून हसून लोळला. ती प्रश्नपत्रिका माझ्याच दुकानात, मीच टाईप केलेली होती, जुन्या श्रीलिपीत. त्या फॉन्टमध्ये दिसायला 'क' दिसतो, पण आत संगणकाच्या लेखी भलतंच चिन्ह असतं. वीस वर्षं मी मराठी टाईप करतोय अशा समजुतीत होतो. तेव्हा कुठल्याही पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवून बघा. मराठी आली तर ती युनिकोड, म्हणजे आतही 'क' हा 'क'च असतो, फोन वाचेल. कचरा आला तर त्या पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने अक्षरं उचला. शाळेचं टायपिंग कोण करतं ते शोधा आणि त्याला युनिकोडमध्ये करायला लावा. आम्ही डीटीपीवाले कुरकुरतो, पण करतो.

आता मुख्य चूक.

लिहिणं हा त्याचा खरा काटा होता, म्हणून बोलून टाईप करायची सवय लावली. सुरुवातीला "ह्येका माझा बोलणा कळना नाय" म्हणून फोन आपटायचा, कारण घरची मालवणी फोनला झेपत नव्हती. हळूहळू तो फोनसाठी पुस्तकी मराठी बोलायला शिकला. आठवी-नववीत सगळा गृहपाठ असाच. मी प्रिंट काढून द्यायचो, बाई तपासायच्या, शेरेही चांगले यायला लागले. आम्ही खूश.

दहावीला हे चालेल का, हे विचारायला मी एका कार्यालयात तीनदा गेलो. कुठलं ते सांगत नाही. दोन एसट्या बदलून जायचं, पोचेपर्यंत साडेबारा, मग जेवणाची सुट्टी, मग साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला ज्यांनी उत्तर दिलं ते म्हणाले, "अहो, तंत्रज्ञानाला शासनाचं प्रोत्साहनच आहे, दहावीला बघू, होऊन जाईल." मी म्हटलं, लेखी द्याल का? "लेखी कशाला, आम्ही आहोत ना." मीही मान डोलावून परत आलो. वाटेत भजी खाल्ली. इतका निर्धास्त होतो.

त्या एका "होऊन जाईल"वर आम्ही दीड वर्ष काढलं.

पूर्वपरीक्षेच्या आठ दिवस आधी शाळेने सांगितलं, फोन नाही, लॅपटॉप नाही, लेखनिक मिळेल. नंतर दिव्यांगांच्या लेखी परीक्षेबद्दलच्या केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना मिळवून वाचल्या, तर परीक्षेला स्वतःचा लॅपटॉप चालणार नाही असं तिथे सरळ लिहिलेलं. मी त्या आठवीतच वाचायला हव्या होत्या. तीन खेपांचं एसटीभाडं तरी वाचलं असतं.

लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी दिली. हुशार, अक्षर मोत्यासारखं. इतिहासाचा पेपर. आमचा तोंडी पक्का, त्यामुळे मला काळजी नव्हती. पण झालं काय, तर बोलून टाईप करताना जरा थांबलं की फोनचा माइक बंद पडतो. म्हणून दोन वर्षांत त्याला एका दमात, न थांबता बोलायची सवय लागलेली. तो सुरू झाला की सुटलाच. ती बिचारी तिसऱ्या शब्दावर, हा पंधराव्या. ती "काय?" म्हणाली की हा पहिल्यापासून पुन्हा सांगायचा, कारण फोनवर गडबड झाली की तो सगळं पुसून नव्याने बोलायचा. उत्तरपत्रिका मी नंतर पाहिली. एकेका उत्तराच्या तीन-तीन सुरुवाती, दोन खोडलेल्या. शिवाय फोनवर लिहिलेलं त्याला ऐकता यायचं. इथे काय लिहिलं गेलंय ते कळेना, आणि "परत वाच" म्हणायचं त्याला सुचलंच नाही. 40 पैकी 13. मुलगा घरी आला तो थेट खाडीवर जाऊन बसला, जेवायलाही आला नाही.

म्हणजे पोराला येत होतं आणि लेखनिकालाही येत होतं. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, हेच दोघांनी कधी केलं नव्हतं. ते शिकवायला पैसा लागत नव्हता, यंत्र लागत नव्हतं, फक्त वेळ लागत होता. तोच आम्ही घालवून बसलो होतो.

मग उरलेले सहा आठवडे माझ्या पुतणीला, ती तेव्हा आठवीत होती, रोज संध्याकाळी दुकानात बसवली. फोन गल्ल्यात बंद. नियम असा की चार-पाच शब्द सांगायचे आणि तिच्या पेनाच्या टोकाकडे बघायचं, पेन उचललं की पुढचे. उत्तराआधी किती मुद्दे ते बोटांवर मोजायचं. प्रत्येक उत्तर झालं की "परत वाच" म्हणायचंच, न विसरता. प्रश्न दोनदा वाचून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात दोघांची रोज भांडणं, मध्ये झेरॉक्सचं मशीन घरघरतंय, गिऱ्हाईक आधारकार्ड पुढे करतंय, आणि हा शिवाजी महाराजांच्या आरमाराबद्दल सांगतोय. आमचा सिंधुदुर्ग किल्ला त्यात आला की त्याची गाडी पुन्हा सुसाट, आणि पुतणी पेन आपटायची. तिसऱ्या आठवड्यात जरा जमलं.

बोर्डाला लेखनिक वेगळाच होता. 2018 च्या त्याच सूचनांत लेखनिकाला दोन दिवस आधी भेटू द्यावं असं होतं, ते मी छापून शाळेत नेलं. मुख्याध्यापकांनी कटकट न करता भेट घडवून आणली, एवढं श्रेय त्यांना देतो. जादा वेळ तासाला किमान 20 मिनिटं असाही उल्लेख त्यात होता. तो वेळ भरपूर वाटतो, पण लेखनिकाबरोबर अर्धा तर "परत वाच"मध्येच जातो, तेव्हा घरी सराव घड्याळ लावूनच करा. मुलगा पास झाला. टक्के सांगत नाही, आमच्यासाठी पुरेसे होते. सध्या डिप्लोमाला आहे आणि अभ्यास अजून फोनवर ऐकूनच करतो. म्हणजे मी फोनच्या विरोधात आहे असं समजू नका, धडा डोक्यात जायला त्याच्यासारखं दुसरं काही आम्हाला मिळालं नाही.

तर तुमच्यासाठी, आठवीतच: शाळेला एक अर्ज द्या. 'परीक्षेत माझ्या मुलाला नेमकं काय वापरता येईल, काय नाही, हे लेखी कळवावे' एवढाच मजकूर. खाली तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. कुणी "कशाला" म्हणालं तर उभं राहा, हलू नका. माझ्यासारखी मान डोलावून भजी खायला जाऊ नका. आणि आठवड्यातून एक दिवस फोन बाजूला ठेवून कुणातरी लहान पोराला लेखनिक करून बसवा, त्याला चॉकलेट द्या, काहीही करा.

टॅब आत्ता घेऊ नका. घरात असलेल्या फोनवर दोन महिने करून बघा. मुलगा आपणहून ऐकायला बसला तर मग बघू, तेव्हाही पंचवीस हजारांचा लागत नाही. इअरफोन मात्र वायरचा घ्या. आमच्या पोराने बिनवायरचे दोन जोड जेटीवर हरवले.

अर्जाचा नमुना टाईप करून ठेवलाय, हवा तर सांगा. या वेळी युनिकोडमध्ये आहे.