पुस्तकातली माणसं पोटासाठी काय करतात?

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. वर्षभरात वाचलेल्यातलं काय सुचवाल, गोव्यावरचं समुद्रकिनारा सोडून काही आहे का, आणि आत्मचरित्रं खरी असतात म्हणून कादंबऱ्यांच्या आधी ती घ्यावीत का. शेवटच्यापासून सुरुवात करतो. खरं-खोटं ह्या मापाने मी पुस्तक निवडत नाही. माझं माप वेगळं आहे: पहिल्या पन्नास पानांत त्यातली माणसं पोटासाठी काय करतात ते दिसलं पाहिजे. 'तो कामावर जायचा' एवढ्यावर भागत नाही. हात कुठे चालतात, काय दुखतं, पैसे कोण देतं, किती उशिरा देतं, हे हवं.

गेल्या पावसात एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र आणलं होतं. दर प्रकरणाच्या शेवटी शाल-श्रीफळ आणि मंत्र्यासोबत फोटो. सगळं खरंच असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक फाईल ह्या टेबलावरून त्या टेबलावर कशी जाते आणि मध्ये कुठे बसते, हे तीनशे पानांत एकदाही आलं नाही. माणूस तीस वर्षं नोकरीत होता, आणि नोकरीच पुस्तकात नाही! एकशे दहाव्या पानावर मी ते मिटलं.

त्याच्या उलट महाबळेश्वर सैलांची 'हावठण' ही कादंबरी. हावठण म्हणजे मडकी भाजायची जागा, मराठीत आवा म्हणतात तीच. गोव्यातल्या कुंभारांचं आयुष्य आणि त्यांचा संपत चाललेला धंदा हा विषय. मूळ कोकणी, आणि हिलाच २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला. आमच्या घरी आई हुमण, म्हणजे माशाची आमटी, मातीच्या कुंडल्यात करायची. कुंडलं नवं आणलं की आधी त्यात पेज उकळून घ्यायची, नाहीतर पहिल्या दिवशी हुमणाला मातीचा वास. ते कुंडलं चुलीपर्यंत येण्याआधी त्याच्यामागे कितीजणांची पाठ मोडलेली असते, हे मी पन्नाशी उलटल्यावर, हे पुस्तक वाचून पहिल्यांदा मनात आणलं. माझ्या मते सैलांचं हेच सगळ्यात चांगलं पुस्तक. कुंभाराची दया करा असं ते कुठे म्हणत नाहीत.

कोकणीची भीती बाळगू नका. देवनागरीत छापलेली असते. मराठी वाचणारा पहिली वीस पानं अडखळतो, मग लय सापडते. 'घोव' म्हणजे नवरा, 'चली' म्हणजे मुलगी, 'रांदप' म्हणजे स्वयंपाक, 'फाल्यां' म्हणजे उद्या. एवढ्या शिदोरीवर निम्मं काम होतं. इथे गोव्यात कोकणी की मराठी ह्या वादात घरंच्या घरं अबोला धरून बसली होती, १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाल्यावरही काहीजण अजून बसलेत. मी मराठीवाला. पण त्या भांडणापायी चांगली पुस्तकं वाचायची सोडली तर नुकसान माझंच.

आता पुंडलीक नाईकांची 'अच्छेव'. १९७७ ची. गावात खाण येते आणि शेती करणारं एक घर आतून पोखरत जातं. ही मी दुसऱ्यांदा वाचली, आणि ह्या वेळी जरा जास्तच जवळून. मी डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर वजनकाट्याला नऊ वर्षं कारकून होतो. ट्रक यायचा, भरलेला वजन करायचा, पावती फाडायची, की तो धक्क्याकडे. तिथून माल बार्जमध्ये, बार्ज मुरगावला. एका पाळीत दोनशे-सव्वादोनशे पावत्या. कार्बन पेपरमुळे बोटं निळी आणि धुळीमुळे सदऱ्याची कॉलर लाल. कादंबरीत वजनकाटा असेल म्हणून मी शोधत बसलो होतो. नाईक खाणीपेक्षा चुलीजवळ जास्त उभे राहतात. रोज रोख मजुरी हातात आली की घरात कोण कुणाला उलट बोलायला लागतं, शेताकडे कोण पाठ फिरवतं, हे ते सांगतात. माझ्या रजिस्टरमध्ये टनांचा हिशेब चोख होता, हा हिशेब मात्र नव्हता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या वाड्यावर जे झालं ते ह्या पुस्तकाचा पुढचा भाग म्हणून कुणीतरी लिहायला हवं होतं. शैलीबद्दल एक कुरबुर आहे: काही ठिकाणी वाईट माणूस फारच वाईट आहे. आमच्या खाणीवरचे वाईट लोक चतुर्थीला पोरांना फटाके वाटायचे.

दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' (१९८१) बहुतेकांनी वाचलेली असते, म्हणून थोडक्यात. मूल मागे ठेवून कुवेतला घरकामाला गेलेली बाई. आखाताच्या पैशावर उभे राहिलेले बंगले सासष्टीत सगळ्यांनी पाहिले. तिथे कुणाचं न्हाणीघर घासून ते उभे राहिले, ते ह्यात आहे. ज्ञानपीठ मिळाल्यावर लोकांनी ती शोधून वाचली, ठीकच झालं.

आत्मकथांकडे वळतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिसऱ्यांदा वाचली. १९३४ ते ३६ मध्ये भागाभागाने आलेलं पुस्तक, पण कालच कुणी अंगणात बसून सांगितल्यासारखं. वडिलांचं टोकाचं सोवळं, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही. आणि पुढे नवराच १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो. ह्यावर दुसऱ्या कुणी रडकं पुस्तक लिहिलं असतं. बाई हसवतात, स्वतःलाच हसतात, आणि हसता हसता कुठल्या पानावर आपला गळा दाटला ते कळत नाही.

हे पुस्तक गोव्यात वाचताना वेगळं लागतं असं मला वाटतं. माझी आजी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव शिवत नसे. पोदेर सायकलवर भोंपू वाजवत आला की आम्ही पोरं फाटकापाशी धावायचो, पाव सोप्यावर बसूनच खायचा, हात-तोंड धुऊन मग आत. आजी कधी ओरडली नाही. फक्त कळशी भरून सोप्याच्या कडेला ठेवायची. पोर्तुगीज काळात विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट तिला तिच्या आजीने सांगितलेली. चारशे वर्षांपूर्वीची भीती त्या कळशीत होती, आणि आम्हाला पाव मिळावा ही मायाही. लक्ष्मीबाई जातपात मनातून काढून टाकतात ते प्रकरण आलं की मला दर वेळी ती कळशी दिसते.

त्याच विषयावर सैलांची 'युगसांवार', मराठीत 'तांडव', हीही ह्याच वर्षी वाचली. सोळाव्या शतकातली बाटवाबाटवी, १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन, तुटलेली गावं. मोठी कादंबरी आहे आणि मोठेपणाचा तिला त्रासही होतो. मधली शंभर पानं इतिहास पुढे ढकलण्यात जातात. पण एकाच घरातले दोन भाऊ दोन धर्मांत जाऊन एकाच बांधावर उभे राहावेत, असले प्रसंग आले की सैल हातचं काही राखत नाहीत.

मोहन रानडे यांचं 'सतीचे वाण' गोव्यातल्या तरुणांनी वाचलेलं नसतं ह्याचं मला वाईट वाटतं. सांगलीचा तरुण, शिक्षक म्हणून गोव्यात आला, पोर्तुगिजांविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडला गेला. पुढे पोर्तुगालला, लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, आणि हा माणूस सुटला जानेवारी १९६९ मध्ये. ज्या कामासाठी शिक्षा झाली ते काम होऊन सात वर्षं उलटली तरी शिक्षा चालूच. माझं पोटापाण्याचं माप इथे कामाला येत नाही, कारण कोठडीत कामच नाही. दिवस कसा ढकलायचा हेच काम. सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी किती धडपड केली, तेही ह्या निमित्ताने शोधून वाचा.

सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' लोक पु.लं.साठी उघडतात. मी घरकामाच्या आणि मनातल्या हिशेबासाठी पुन्हा उघडलं. काही ठिकाणी त्या फार कठोर आहेत, स्वतःवरही. पटत नाही तिथेही वाचत राहावंसं वाटतं. उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) ह्याच्या शेजारी ठेवा: वडील गेल्यावर बांबूच्या सूप-टोपल्या विणून पोरं वाढवणारी आई, आणि रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर उतरून चालत जाणाऱ्या बायका. पहिल्या पन्नास पानांची माझी अट हे पुस्तक पहिल्या दोन पानांत पुरी करतं.

कृष्णात खोतांची 'रिंगाण' शेवटी ठेवली, कारण ती डोक्यातून जात नाही. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला आहे. धरणात गाव गेलं, माणसं उठली, जनावरं मागे राहून रानटी झाली, आणि एक माणूस आपली म्हस आणायला परत जातो. गोष्ट एवढीच. माझ्या पहिल्या प्रतीत एक फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा होता आणि पुढचा गायब. दुकानदाराने बदलून दिली, पण मधे आठ दिवस गेले आणि मी ते आठही दिवस त्या म्हशीची काळजी करत होतो.

ही शक्यतो मे महिन्यात वाचा आणि जमलं तर सांग्याला कुर्डीला जाऊन या. साळावली धरणात गेलेलं गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. पाणी उतरलं की घरांचे चौथरे वर येतात, आणि वालकिणी आणि वाडे ह्या गावांत वसवलेली माणसं सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा एका चौथऱ्यावर, जिथे स्वयंपाकघर असणार तिथे, मसाल्याचा रगडा तसाच होता, खळग्यात चिखल सुकलेला. एक म्हातारी बाई शेजारी बसून पोरांना सांगत होती की वाटणाला ती ह्या बाजूला बसायची आणि सासू त्या बाजूला.

विकत घ्यायची नसतील तर पणजीला पाट्टो भागातल्या सेंट्रल लायब्ररीत आधी बघा, कोकणी-मराठी दोन्ही विभागांत. 'हावठण'ची माझी प्रत मेहुण्याकडे आहे, चतुर्थीपर्यंत परत येईल म्हणालाय. आली की कळवतो.