दारू नुकतीच थांबवलेल्या मित्रास

कालपासून आपण दारूला हात लावलेला नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु रोज पिणाऱ्याने एकट्याने, डॉक्टरांना न विचारता ती एकदम बंद करू नये, हे आधी सांगतो. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भास-भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते, म्हणून आजच डॉक्टरांकडे जा आणि रोजचे प्रमाण कमी करून सांगू नका. मी ते निम्मे सांगितले होते. दुसऱ्या सकाळी बशी ओठांपर्यंत नेताना चहा सदऱ्यावर सांडला, तेव्हा पत्नीनेच खरा आकडा डॉक्टरांना सांगितला. घरी राहून जमणार नसेल, तर पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होण्यात कमीपणा नाही.

जन्मभराची शपथ घेऊ नका. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या संघटनेच्या सभांमध्ये ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात, तेवढेच पुरे. माझी खरी परीक्षा संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत होत असे, म्हणून मी साडेसहालाच जेवून घेई आणि बारवरून जाणारा रस्ता सोडून लांबच्या वाटेने घरी येई.

स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर ती लपवू नका. त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांविषयी आपण सवडीने बोलू.