पेशी बसली आहे कुठे?

माहीम, रविवार सकाळ

अगं,

तुझी मेल काल रात्रीच वाचली. लगेच लिहिलं असतं तर चिडून लिहिलं असतं, म्हणून सकाळचा चहा होऊ दिला.

सहा महिने खपून तुला दिसलं काय, तर सुपारीने तोंड आखडलेल्या रुग्णांच्या गालातले फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतकाचे धागे विणणाऱ्या पेशी, आणि निरोगी माणसांचे फायब्रोब्लास्ट चौथ्या पॅसेजला, म्हणजे चौथ्यांदा नव्या डिशमध्ये हलवल्यावर, सारखेच. दोन्हींत स्मूथ मसल ॲक्टिन या आकुंचनाच्या प्रथिनाच्या जाड दोऱ्या, दोन्ही ताणून बसलेले. त्यावरून तू ठरवलंस की विषयच चुकला, आता बदलायचा. विषय चुकलेला नाही. तुझ्या निरोगी पेशी आजारी पडल्यात, आणि त्यांना आजारी पाडलंय तुझ्या डिशने.

आपल्या मऊ ऊतकांचा कडकपणा मोजला तर काही किलोपास्कल भरतो. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची डिश गिगापास्कलमध्ये जाते, म्हणजे साधारण दहा लाखपट कडक. फायब्रोब्लास्ट इंटिग्रिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी खालचं मॅट्रिक्स, म्हणजे पेशींबाहेरचं धाग्यांचं जाळं, धरतो आणि आतल्या ॲक्टिनच्या जोरावर ओढून बघतो. खालचं जरा सरकलं तर निवांत राहतो. सरकलंच नाही तर आणखी जोर लावतो, दोऱ्या जाड करतो, कुठेतरी जखम भरायची आहे असं समजून कोलॅजेन, म्हणजे ऊतकाला बळकटी देणारं प्रथिन, सोडत सुटतो. तू त्याला सहा आठवडे प्लास्टिकवर बसवलंस. तो दुसरं काय करणार?

एंग्लर, डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या होत्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या कडक जेलवर स्नायूंच्या आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या. तो पेपर वाचून मला आनंद कमी झाला, धसका जास्त बसला. तोवर माझं निम्मं आयुष्य प्लास्टिकवर गेलं होतं.

माझी फजिती तुला कधी सांगितली नसेल. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन) लावलेल्या काचेवर आणि कोऱ्या काचेवर पेशी किती वेगाने सरकतात ते मोजत होते. चार महिने मोजलं, फरक शून्य. शेवटी सरांनी एकच विचारलं, "मीडियममध्ये सीरम किती?" दहा टक्के. मीडियम म्हणजे पेशींचा पोषक द्रव, आणि त्यात घातलेलं सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन असतं, तसंच चिकटवणारं व्हिट्रोनेक्टिन असतं. कोरी काच काही मिनिटांत कोरी राहतच नाही. मी फायब्रोनेक्टिनची तुलना फायब्रोनेक्टिनशी करत होते. त्या दिवशी दादरला उतरायचं विसरून थेट चर्चगेटला पोचले.

तेव्हापासून कोणाचाही आलेख समोर आला की मी आधी विचारते, पेशी बसली आहे कुठे. तूही विचारत जा. लोक वैतागतात, वैतागू देत.

आता कामाचं. पॉलिॲक्रिलामाइडचे जेल कर, एक मऊ, एक कडक. नुसत्या जेलला पेशी चिकटत नाहीत, वर कोलॅजेन बांधावं लागतं, आणि ते दोन्हींवर सारखंच बांधलं गेलंय का हे रंगवून बघ. नाहीतर तू कडकपणा मोजतेयस असं समजून कोलॅजेन मोजत बसशील. पेपरमधल्या तक्त्यावर विसंबून कडकपणा लिहू नकोस, आपला जेल आपण मोजायचा. आणि ऊतकातून निघालेल्या पेशी पहिल्या दिवसापासून मऊ जेलवर ठेव. आधी प्लास्टिकवर वाढवून मग मऊवर टाकल्यास तर उपयोग नाही, कडक जागेची सवय त्यांना बराच काळ सुटत नाही. पेशी कमी मिळतील, प्रयोग रडतखडत चालतील. चालू देत.

ट्रिप्सिन या विकराने पेशी डिशवरून उठवल्यावर लगेच चिकटण्याची परीक्षा घेऊ नकोस. ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं, ती परत यायला वेळ दे.

तू क जीवनसत्त्वाचा उल्लेखच केला नाहीस, म्हणजे घातलं नसणार. कोलॅजेन म्हणजे तिपेडी वेणी. मद्रासला रामचंद्रन आणि कर्था यांनी तिची रचना मांडली ती 1954-55 मध्ये, आणि आपल्याकडे अजून शाळेच्या पुस्तकात त्यांना धड जागा नाही. असो. त्या वेणीतल्या प्रोलीनवर हायड्रॉक्सिल बसवायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर शरीराच्या तापमानाला वेणी सैल पडते. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते यामुळेच. नुसतं ॲस्कॉर्बिक ॲसिड मीडियममध्ये लवकर खराब होतं, त्याचं फॉस्फेट घाल. नाहीतर तुझ्या डिशमध्ये स्कर्व्ही चाललाय आणि तू त्याला फायब्रोसिस, म्हणजे कोलॅजेन साठून ऊतक घट्ट होणं, म्हणतेयस.

विषय बदलू नको म्हणते त्याचं खरं कारण वेगळं आहे. सुपारीतलं अरेकोलिन हे रसायन फायब्रोब्लास्टला चेतवतं. सुपारीत तांबंही भरपूर, आणि कोलॅजेनचे धागे एकमेकांना जखडणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावरच चालतं. ऊतक कडक होतं. मग ते कडक ऊतकच पेशींना पुन्हा चेतवतं, सुपारी असो वा नसो. म्हणून तर माणूस सुपारी सोडतो आणि तोंड तरीही पूर्वीसारखं उघडत नाही. हा फेरा कुठे तोडता येईल, हाच तुझा प्रश्न आहे. आणि तुझी डिश तोच फेरा निरोगी पेशींवर चालवून दाखवतेय. सहा महिने वाया गेले म्हणतेस, पण प्रबंधाचं पहिलं प्रकरण तुझ्या हातात आहे.

अजून एक. तू रुग्णाचं ऊतक फक्त बर्फातल्या ट्यूबमध्ये पाहिलंयस. एकदा ओपीडीत जाऊन बस. मी गेले होते तेव्हा एक टॅक्सीवाले काका आले होते. निरोगी तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात, त्यांच्या तोंडात एक जेमतेम. वडापाव कसा खाता विचारलं, तर म्हणाले, "चपटा करून, आणि चटणीशिवाय. तिखट लागलं की आग होते." डॉक्टरांनी त्यांना विचारून मला हातमोजा दिला आणि गालाच्या आतून बोट फिरवायला सांगितलं. आत उभ्या दोऱ्या लागत होत्या, ताणलेल्या, चामड्यासारख्या. त्याआधी दोन वर्षं मी याच रोगावरचे पेपर वाचत होते.

पुढच्या शनिवारी दुपारी ये. एक मऊ, एक कडक, दोन्ही जेल डब्यात पाण्यात बुडवून आण, वाळू देऊ नकोस. हार्बरला मेगाब्लॉक नाही ना, ते बघून निघ. जेवायला थांब.

तुझी,
मॅडम (निवृत्तीनंतर तरी ताई म्हणायला लाग)