ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) असताना कोकणात शेतजमीन घेता येते का? चुलतभाऊ म्हणतो, ‘पैसे पाठव, माझ्या नावावर घेतो.’

नाही घेता येत. शेतजमीन, मळा, फार्महाऊस, यातलं काहीच विकत घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर बाहेर राहणाऱ्यालाही नाही आणि तुमच्या-माझ्यासारख्या ओसीआयवाल्यांनाही नाही. फ्लॅट, दुकान, रीतसर एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला प्लॉट, हे कितीही घ्या. पैसे मात्र बँकेतूनच आले पाहिजेत.

चुलतभावाचं वाक्य वाचलं आणि मला राहवलं नाही. तुमच्या पैशाने त्याच्या नावावर घेतलेली जमीन म्हणजे बेनामी व्यवहार. 2016च्या दुरुस्तीनंतर जमीन सरकारजमा होते, वर सात वर्षांपर्यंत कैद. आणि तो उद्या उलटला तर कोर्टात ‘जमीन माझी’ म्हणायची सोयच उरत नाही.

मी कॅनडाची नागरिक. गाव वाईजवळ. आप्पा गेले, तेराव्याची पंगत उठली आणि नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, टाइप केलेलं हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुलीसुद्धा मारून ठेवली होती. म्हणाले, “परदेशी माणसाला इथं शेती ठेवता येत नाही. सरकार काढून घेईल, त्यापेक्षा भावाला सोड.” दादा खाली मान घालून बसला होता.

मी म्हटलं, “नाना, विकत घेता येत नाही. बापाची येते.” फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यातच लिहिलंय: भारतात राहणाऱ्याकडून वारसाने आलेली मिळकत परदेशी राहणाऱ्याला ठेवता येते, शेतजमीनसुद्धा. मुलगी म्हणून हक्काचं विचाराल तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची 2005ची दुरुस्ती आहे आणि 2020चा विनीता शर्मा खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. लग्न झालं, देश बदलला, म्हणून मी आप्पांची मुलगी राहिले नाही की काय?

सही केली नाही. वारस नोंदीचा अर्ज दिला. तलाठ्यांनी आधी कुरकुर केली, मग नोटीस काढली. मुदतीत कुणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. सातबाऱ्यावर आज दादाच्या नावाखाली माझं नाव आहे. वाटणी मी मागितली नाही, जमीन दादाच कसतो, पीक त्याचंच. मला नाव हवं होतं.

पुढे त्याच नानांचा फोन आला: “शेजारचं वावर निघालंय, डॉलर पाठव, माझ्या नावावर घेऊन ठेवू.” मला वारसाने आलेली जमीन चालत नव्हती आणि माझ्या पैशाने घेतलेली त्यांना चालत होती! मी सरळ नाही म्हटलं. तुम्हीही म्हणा.

ही बंदी मला योग्यच वाटते. उद्या टोरंटो आणि न्यू जर्सीचे पैसे वाईच्या शेतीत उतरले, तर कसणाऱ्या पोराला एक गुंठा परवडायचा नाही. पण बंदी खरेदीवर आहे. ती दाखवून लेकींकडून हक्कसोड लिहून घेणं ही सरळसरळ लुबाडणूक आहे, आणि गावोगाव चालते.

राहिलेल्या गोष्टी. वारसाने आलेली शेतजमीन विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम 63मुळे तो शेतकरीही असावा लागतो, नाहीतर परवानगी लागते. पैसे एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्याच्या भारतातल्या रुपया खात्यात येतात, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, कर भरून. हे सगळं भारतीय वंशाच्या माणसांपुरतं. मूळचे परदेशी असतील त्यांचे नियम फार कडक आहेत.

तुमच्या आई-वडिलांची शेती असेल तर आजच सातबारा ऑनलाइन काढून बघा. आणि पुढे कधी नोंदीसाठी मुखत्यारपत्र द्यावं लागलं, तर फक्त नोंदीपुरतंच द्या. ‘विक्रीचे सर्व अधिकार’ ही ओळ मसुद्यात असेल तर ती काढायला लावल्याशिवाय वकिलातीत सहीला जाऊ नका.